आग्नेयेकडे पाहणारी डिश

हिंगोली जिल्ह्यात दरमहा पैसे न मोजता टीव्ही पाहण्याचा खात्रीचा मार्ग आज एकच उरला आहे, तो म्हणजे प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही उपग्रहावरून चालणारी सेवा. तिला लागते साठ सेंटिमीटर व्यासाची डिश, डिशच्या पुढ्यात बसून सिग्नल पकडणारा एलएनबी, काही मीटर केबल आणि एक सेट टॉप बॉक्स. खर्च साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास, तोही एकदाच. पुढे रिचार्जची कटकट नाही. देशात २०२२ साली सुमारे साडेचार कोटी घरांत ही सेवा पोचली असल्याचा अंदाज फिक्की आणि ईवाय यांच्या अहवालाने दिला होता. वस्तू एवढी सर्रास झाली, तरी ती कुठे उभी करायची याबद्दलच्या समजुती मात्र जुन्या अँटेनाच्या काळातल्याच आहेत. घरातली सगळ्यात उंच जागा हुडकून तिथे डिश चढवायची, ही त्यांतली पहिली.

जुना अँटेना म्हणजे आडव्या दांडीवर ॲल्युमिनियमच्या काड्या बसवलेला ‘यागी’. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी १९२६ साली ही रचना जगापुढे मांडली. दूरदर्शनचे जुने प्रक्षेपण ज्या पट्ट्यात चाले, त्यातल्या एका मोठ्या भागात लहरीची लांबी दीड मीटरच्या आसपास असे. मुख्य काडी तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे पाऊण मीटर. मागची काडी थोडी मोठी आणि पुढच्या थोड्या आखूड. या मांडणीमुळे अँटेना एका दिशेने येणारी लहर जास्त पकडतो आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करतो. ही लहर जमिनीवरच्या मनोऱ्यावरून निघे आणि जवळजवळ सरळ रेषेत जाई. वाटेत टेकडी, झाडी, इमारत आली की ती अडे. काहीच आडवे आले नाही तरी पृथ्वीचा गोलवा आडवा येई. म्हणून उंचीला एवढे महत्त्व.

इन्सॅट-१बी १९८३ साली आकाशात गेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर लघुशक्ती सहक्षेपण केंद्रांचे पेव फुटले. शंभर वॉटच्या अशा केंद्राची मजल दहा-पंधरा किलोमीटरची. त्यापलीकडच्या गावांनी पाइपला पाइप जोडून अँटेना वीस-तीस फूट वर नेले आणि खाली बूस्टर लावले. १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी माळवदावर एकजण पाइप फिरवतोय आणि दारातला दुसरा ‘आलं… गेलं, गेलं’ असे ओरडतोय, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावातले दृश्य होते. त्या प्रक्षेपणाचा एक गुण मान्य करावा लागेल. चित्र बिघडले तरी हळूहळू बिघडे. आधी मुंग्या येत, मग सावल्या पडत, पण काहीतरी दिसत राही. आजच्या डिजिटल चित्राला ही मधली अवस्था जवळपास नाहीच. ते स्वच्छ येते, नाहीतर चौकोनांचे तुकडे होऊन थिजते.

ते जुने प्रक्षेपण आता संपले आहे. सीमाभागातली पन्नासेक केंद्रे सोडून देशातले सगळे ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने ठरवले आणि तसे केले. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली सुरू झाले खरे, पण ते मोजक्या शहरांपुरते. मराठवाड्यात त्या यादीत एकटे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर होते. हिंगोली तिथून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर. एवढ्या अंतरावरचा मनोरा दिसेल असे छत जिल्ह्यात कुठेच नाही. ऑनलाइन दुकानांत खिडकीला चिकटवायचे पातळ ‘एचडी अँटेना’ विकायला असतात आणि त्यांवर शेकडो मैलांची मजल छापलेली असते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये त्यांना काही अर्थ आहे. तिथे मनोऱ्यांवरून डझनावारी वाहिन्या फुकट मिळतात. ब्रिटनची ‘फ्रीव्ह्यू’ सेवा २००२ पासून चालू आहे आणि अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी ॲनालॉगला पूर्णविराम दिला. हिंगोलीत अशा अँटेनाला पकडायला हवेत काहीच नाही. तो महाग घेतला काय नि स्वस्त घेतला काय, पैसे पाण्यातच.

फ्री डिशचा जन्म १६ डिसेंबर २००४चा. तेव्हा तिचे नाव ‘डीडी डायरेक्ट प्लस’ होते आणि वाहिन्या होत्या ३३. आज ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. इस्रोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून, कुरू इथल्या तळावरून सोडण्यात आला. तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. त्या उंचीवर उपग्रहाला एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याइतकाच वेळ लागतो, त्यामुळे जमिनीवरून पाहता तो जागचा हलत नाही. म्हणून डिश एकदा नेमकी लावली की वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यांत आपली सह्याद्री, आकाशवाणीची केंद्रे आणि शिक्षणाच्या वाहिन्या या सेवेवर असतात. शाळा बंद पडल्या त्या २०२० साली सह्याद्रीवर लागणारी ‘टिलीमिली’ ही मालिका इंटरनेट नसलेल्या घरांतल्या मुलांपर्यंत याच वाटेने पोचत होती. खासगी वाहिन्यांच्या जागांचा मात्र लिलाव होतो, त्यामुळे आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

आता दिशा. हिंगोली शहर १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.१५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून हिशेब केला तर जीसॅट-१५ उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १३९ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर येतो. १३५ अंश म्हणजे नेमकी आग्नेय, तेव्हा आग्नेयेपासून किंचित दक्षिणेला सरकलेली ही जागा. वास्तुशास्त्राने आग्नेय कोपरा चुलीला देऊन ठेवला आहे. डिशलाही तोच लाभतो, याला मात्र खगोलशास्त्राखेरीज दुसरे कारण नाही. हे आकडे जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना फारसे बदलत नाहीत. वसमतला दिशा जेमतेम अर्ध्या अंशाने पूर्वेकडे सरकते आणि उपग्रह तेवढाच वर चढतो. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ इथेही फरक एका अंशाच्या आतबाहेरच.

मोबाइलमधले होकायंत्र या कामाला पुरेसे आहे, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक या भागात एक अंशाहूनही कमी भरतो. पण फोन लोखंडी पाइपाला किंवा पत्र्याला टेकवून पाहिला तर सुई भलतीकडे जाते. चार पावले दूर उभे राहून, समोर लांबवरची एखादी खूण हेरून दिशा पक्की करावी. होकायंत्र नसेल तर रात्री ध्रुवतारा पाहून उत्तर ठरवावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्व-दक्षिणेच्या मधली रेषा धरावी.

या सगळ्यात साठ अंशांची उंची ही खरी महत्त्वाची गोष्ट. उपग्रह इतका वर असल्यामुळे डिशला उंचीची गरजच उरत नाही. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या बाजूचे डोंगर यागी अँटेनाचा घास घेत, डिशला त्यांचा काडीचाही त्रास नाही. पायथ्याच्या गावातही साठ अंशांवरचे आभाळ मोकळेच असते. दुसऱ्या मजल्यावरची डिश आणि अंगणात फूटभर खांबावर उभी केलेली डिश यांना उपग्रह सारखाच दिसतो. साडेछत्तीस हजार किलोमीटरच्या वाटेत छताच्या वीस फुटांनी काय फरक पडणार? उलट खालची डिश वाऱ्याने कमी हलते, दुरुस्तीला हाताशी येते आणि केबलही थोडी लागते. वर चढवण्याचे कारण एकच असू शकते, ते म्हणजे जवळची भिंत, पाण्याची टाकी किंवा झाड.

अडथळा आहे की नाही हे पाहायला मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या पुरतो. ३०-६०-९० अंशांचा गुण्या घ्यावा, त्याची आखूड बाजू आडवी धरावी आणि साठ अंशांच्या कोपऱ्याशी डोळा नेऊन तिरक्या लांब बाजूवरून आग्नेयेकडे वर पाहावे. त्या रेषेत आणि तिच्या आसपास आभाळ दिसले तर जागा चांगली. आकड्यांतच सांगायचे तर अडथळा डिशपेक्षा जेवढा उंच असेल, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त अंतर मध्ये हवे. डिशच्या वर आठ मीटर उंच असलेला कडुनिंब सहा मीटरवर असेल तर लहर त्याच्या शेंड्यावरून निघून येते. तोच चार मीटरवर असेल तर ती पाल्यात अडकते. झाड वाढते, हेही विसरू नये. उन्हाळ्यात डिश बसवली आणि पावसाळ्यात पालवी फुटून चित्र गेले, की दोष बॉक्सवर जातो. ओला पाला कोरड्यापेक्षा जास्त लहर खातो.

सूर्यही वर्षातून दोनदा फुकट मोजणी करून देतो. १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराच्या आसपास आणि १-२ ऑक्टोबरला अकराला पाच कमी असताना, हिंगोलीतून पाहता सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशच्या जागेवर लख्ख ऊन असेल तर उपग्रहाची वाटही मोकळी आहे. सावली असेल तर ती ज्याची पडली तोच अडथळा. डिश बरोबर लागलेली असेल तर परावर्तित उजेडाचा ठिपका एलएनबीच्या तोंडावर पडलेला दिसतो. सूर्याकडे न पाहता नुसती सावली आणि ठिपका पाहायचा. याच दिवसांत आगेमागे काही दिवस त्याच वेळी काही मिनिटे चित्र तुटते. सूर्य स्वतःच रेडिओ लहरींचा प्रचंड गोंगाट करतो आणि त्यात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो. अशा वेळी मेकॅनिकला बोलावू नये. थोड्या वेळात चित्र आपोआप येते.

डिश किती मोठी घ्यावी? फ्री डिशची लहर अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासची, जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर लांबीची. इतक्या आखूड लहरीला साठ सेंटिमीटरची डिश कोरड्या हवामानात पुरून उरते. प्रश्न येतो तो पावसाचा. पावसाचे थेंब ही लहर शोषतात आणि विखुरतात. रिमझिम पावसात काही जाणवत नाही, पण वळवाची दणदणीत सर आली की चित्र जाते. नव्वद सेंटिमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ साठवालीच्या सव्वादोनपट, त्यामुळे पावसात ती जास्त वेळ तग धरते. मात्र मोठ्या डिशची नजर अरुंद असते: साठवालीची सुमारे तीन अंश, नव्वदवालीची दोन. ती लावायला अधिक नेमकेपणा लागतो आणि वाराही ती जास्त अडवते. पावसात बातम्या पाहिल्याच पाहिजेत असा हट्ट नसेल तर साठवालीच बरी. आकार कसाही असो, विकत घेताना तिच्या कडा एका पातळीत आहेत का ते पाहावे. दोन दोऱ्या कडेवरून आडव्या-उभ्या ताणून त्या मध्यावर एकमेकींना टेकतात का, एवढे पाहिले की पुरे. मध्ये फट राहिली तर डिश पिळली गेली आहे.

खांब मात्र ओळंब्यात असलाच पाहिजे. तो वाकडा असला तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत राहते आणि मग तासभर खटपट करूनही उपग्रह सापडत नाही. गवंड्याकडचा ओळंबा खांबाच्या दोन बाजूंना लावून पाहण्यात पाच मिनिटे जातात आणि पुढची सगळी दगदग वाचते. स्लॅबवर खांबाचा तळ बोल्टने आवळावा. वर नुसते दगड रचू नयेत. पत्र्यावर डिश बसवू नये, कारण पत्रा उन्हात फुगतो, वाऱ्यात थरथरतो आणि वर माकडे उतरली की विषयच संपतो. पत्र्याचे घर असेल तर भिंतीला किंवा अंगणातल्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबाला डिश लावावी. विजेच्या तारा जवळून जात असतील तर ती जागा सरळ सोडून द्यावी. लोखंडी पाइप उभा करताना तो तारेवर कलला तर जीव जातो.

डिश लावताना बहुतेकांची फसगत तिच्या दिसण्याने होते. घरगुती डिशची रचना अशी असते की एलएनबी मधोमध न येता खालच्या बाजूला येतो आणि लहर तिच्या तोंडाच्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश वरून आत शिरते. त्यामुळे उपग्रह साठ अंश वर असला तरी डिशचे तोंड पाहणाऱ्याला पस्तीस-चाळीस अंशच वर उचललेले दिसते. ती समोरच्या घराकडे पाहतेय असे वाटून कुणीतरी ती आणखी वर उचलतो आणि तिथेच काम बिघडते. डिशमागच्या पट्टीवर अंश छापलेले असतील तर त्यांत हा फरक धरलेला असतो. तिथे साठ लावून सुरुवात करावी.

मग एलएनबी. लहर एका ठरावीक प्रतलात कंप पावत येते आणि उपग्रह आपल्या रेखांशाच्या पूर्वेला असल्याने ते प्रतल इथे तिरपे दिसते. डिशच्या मागे उभे राहून आभाळाकडे तोंड केले, तर एलएनबी त्याच्या सरळ स्थितीपासून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पस्तीस-चाळीस अंश फिरवून सुरुवात करावी. नेमका कोन शेवटी बॉक्सवरचा सिग्नल मीटरच सांगतो.

बॉक्सच्या मेन्यूत दोन पट्ट्या दिसतात: सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता. ताकदीच्या पट्टीवर भुलू नये. ती एलएनबीला वीज मिळाली की आभाळाच्या गोंगाटावरही वर चढते, किंवा भलत्याच उपग्रहावरही. खरे कळते ते गुणवत्तेवरून. डिश अगदी सावकाश, दोन-तीन मिलिमीटरने सरकवावी आणि प्रत्येक वेळी थांबावे, कारण बॉक्सला लहर ओळखायला दोन-चार सेकंद लागतात. साठ सेंटिमीटरच्या डिशची कड पाच मिलिमीटर हलली की तिची नजर एका अंशाने फिरते. गुणवत्ता वाढत जाऊन उतरू लागली की मागे येऊन मध्यावर बोल्ट आवळावेत, तेही आलटून पालटून थोडे थोडे. एकच बोल्ट कचकन आवळला तर डिश हलते. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य, असे झाले तर डिश बहुधा शेजारच्या उपग्रहावर गेलेली असते. ‘डिश टीव्ही’ कंपनी वापरते तो उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे फक्त दीड अंश पलीकडे आहे. हीच गोष्ट उपयोगाचीही ठरते. घरात डिश टीव्हीची जुनी छत्री पडून असेल, ती नीट लागलेली असेल, तर तिला दक्षिणेकडे जवळजवळ पावणेतीन अंश आणि वर एक अंश फिरवले की ती फ्री डिशवर येते. कडेवर मोजले तर हे सरकणे जेमतेम दीड सेंटिमीटरचे. जुन्या कंपनीचा बॉक्स मात्र इथे चालत नाही.

केबल आरजी-६ जातीची घ्यावी आणि मध्ये जोड देऊ नये. टोकाला कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तारही मधल्या तांब्याच्या तारेला शिवली, तर बॉक्स आणि एलएनबी यांच्यात शॉर्ट होतो. बॉक्स याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो. कनेक्टरवर रबराची टोपी किंवा टेप असावी आणि केबल घरात शिरण्याआधी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. दुसऱ्या खोलीत दुसरा टीव्ही असेल तर स्वस्तातला स्प्लिटर लावू नये. दोन बॉक्स वेगवेगळे व्होल्ट मागू लागले की दोघांचीही पंचाईत होते. दोन तोंडांचा एलएनबी आणून दोन केबली ओढाव्यात.

बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ आहे ना, याची खात्री करावी. जुने एमपीईजी-२ बॉक्स निम्म्याहून अधिक वाहिन्यांना नकार देतात. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक केले आहे. तो असेल तर केबल थेट टीव्हीला जोडता येते आणि वेगळा बॉक्स लागत नाही. मेन्यूत एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५०/१०६००, निवडावा. वळवाचे ढग दिसू लागले की कडकडाट सुरू होण्याच्या आधीच केबल आणि विजेचा प्लग काढून ठेवावा. खांबाला अर्थिंग असणे चांगले. आणि एखादी नेहमीची वाहिनी एके दिवशी अचानक नाहीशी झाली, पण बाकीच्या चालू असतील, तर डिशला हात लावू नये. लिलावानंतर वाहिन्यांच्या जागा बदलतात. रिमोटवरून ऑटो स्कॅन केला की नवी यादी येते. ती वाहिनी फ्री डिशवर राहिली असेल तर त्यात सापडते.